शिडाले कांजी

माहं माहेर आर्वीकडलं, सासर वर्ध्याचं, अन् या दोन गावांच्या मधात पान्याचं म्हनान तर एक नदी, तेही उन्हायात सुकून जाये, आमी चपला हातात घेऊन तिच्यातून चालत जावो. समुद्र म्या इथीच पायला, तेही खिडकीतून नाई, पलंगाखाली. खोटं नाई सांगत ताई, तुमी आता ज्या गादीवर बसल्या ना, तिच्याखाली लाकडाचं झाकन, झाकनाखाली माही तुरीची दाय, दायीखाली बोटीचं पोट, अन् पोटाखाली सारं पानी. लिवून घ्या, का शांताबाई वर्धेवाली, साठीच्या वरची, पोहता येत नाई, सायकल बी येत नाई, अन् आख्खा हिवाया आयर्लंडात शिडाच्या बोटीवर काढला. बोट पन अशी का हिवायाभर जाग्यावरून हलली नाई, धक्क्याले दोरानं बांधलेली, गोठ्यातल्या म्हशीवानी.

माहे मालक जिनिंगात होते, कापसाच्या मशीनवर. कापसाचा भुगा जाऊन जाऊन त्यायची छाती भरली, अन् ते गेले तवा आमचा बाबू चौथीत होता. नाव त्याचं मंगेश, तुमी ऑफिसात मंगेशच म्हनत असान, पन घरी तो बाबू. एकुलता एक. मंग पोट भरासाठी म्या मेस चालू केली. वर्ध्याले कॉलेजचे पोट्टे खोल्या करून रायते, त्यायले दोन टाइम जेवन लागते. समोरच्या खोलीत सतरंज्या टाकल्या, पोयी, भाजी, वरन, भात, अन् झाली मेस सुरू. तवापासून हे हात पिठातच हायेत.

बाबू हुशार होता. पाचवीत मास्तरनं त्याले परीक्षेले बसवलं. जिल्ह्याची सरकारी शाया, तिथीच रायाचं, नंबर लागला का सहावीपासून बारावीपर्यंत खानं, रायनं, कपडे, पुस्तकं, सारं सरकारचं. नंबर लागला. गल्लीत म्या साखर वाटली. आता तुमी सांगा, बिनबापाचं पोरगं, अन् एवढी मोठी शाया चालून दारात आली, कोन नाई म्हनन? कोनीच नाई म्हनलं नाई. लोखंडाची पेटी घेतली, तिच्यावर पांढऱ्या रंगानं नाव टाकून घेतलं, अन् अकरा वर्साचा माहा बाबू पेटी घेऊन गेला. त्या दिवसापासून तो माह्या घरी पावना झाला, तो अजून बी पावनाच हाये. तेच सांगाले बसली मी तुमाले.

महिन्यातून एक रविवार भेटीचा राहे. शायेच्या आंगनात कडुनिंबाचं झाड, त्याच्याखाली साऱ्या माया डबे घेऊन बसत, अन् आपापल्या लेकराले चारत. पहिल्या दोन भेटीले बाबू माह्या पदराले असा लटकला का मास्तरनं येऊन सोडवला. तिसऱ्या भेटीपासून बंद. जेवे, हात धुवे, अन् वेय झाली का स्वतःच उठून म्हने, आई, तुझी गाडी चुकेल. घरी तो मले माय म्हने, तिथी गेल्यावर आई म्हनाले लागला, शायेतलं शुद्ध बोलनं. बाकीचे पोरं गडबडा लोयत, अन् मी बाकीच्या मायायले गर्वानं सांगो, पाहा, माहा कसा शहाना झाला.

अन् इकडे मेसच्या पोट्ट्यायचं काय सांगू तुमाले. वरनात मीठ कमी पडलं का ताटावरूनच ओरडत, ओ मावशी, डोकं कुठी हाये तुमचं आज, अन् मी बी चुलीजवयून ओरडो, चूप जेव रे, तुह्या मायनं तरी एवढं चारलं का कधी. कोनी पेपरात फेल झाला का माह्यापाशी येऊन रडे, कोनी रागानं ताट ढकलून जाये अन् संध्याकायी गुपचूप येऊन आपल्या जाग्यावर बसे. दुसऱ्याच्या लेकरायनं माह्यावर आवाज चढवला, म्या त्यायच्यावर चढवला, अन् माहं लेकरू तिकडे ताट घेऊन रांगेत उभं, दुसऱ्या कोनाच्या हातचं खाऊन रायलं. हे तवा डोक्यात नाई आलं. तवा पोया लाटाच्या होत्या.

मंग तो इंजिनिअर झाला, तेही हॉस्टेलातच राहून, मंग पुण्याले नोकरी, मंग इकडे, कॉर्कजवय, रिंगास्किडीले औषधाच्या कंपनीत, तुमाले तर माईतच हाये. दरवर्षी म्हने, आई, ये ना, अन् मी म्हनो, मेस कोन पायीन. शेवटी दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत मेस बहिनीच्या हाती दिली अन् तीन महिन्यासाठी म्हनून आली. आली नाई आली का सारं बंद. विमानं बंद, तिकडे मेस बंद, पोट्टे आपापल्या गावाले पयाले. इथल्या सरकारनं रायाची मुदत वाढवून दिली, अन् मी अडकली. जगात लोकं मरून रायले होते ताई, अन् मी मनातून खूश झाली. पाप लागन, पन झाली. म्हतलं, आता तरी माहा लेक माह्याजवय राहीन, कुठीच जाऊ शकनार नाई.

तवा आमी एका घरात खोली घेऊन राहो. किचन अर्धं आपलं, अर्धं दुसऱ्याचं. कपाटाले इथी प्रेस म्हनते, म्या बाबूले इचारलं बी, याच्यात इस्त्री कुठी हाये रे. त्या उन्हायात बाबूनं ही बोट घेतली. जुनी, एका म्हाताऱ्याची, अन् पान्यात नोतीच, जमिनीवर खांबायच्या टेकनानं उभी होती. रोज कामावरून आला का हा तिचं पोट खरवडे, भेगा बुजवे, रंग दे. म्या त्याले एवढं मन लावून काई करताना पायलंच नोतं कधी. मी डबा घेऊन जावो अन् खुर्ची टाकून पाहत बसो. पान्यात सोडली तवा आक्टोबर लागला होता, शिडाचे दिवस संपले होते. मंग शिडं उतरवून घडी करून ठेवली अन् बोट इथी धक्क्याले बांधली, आता थंडी सरेपर्यंत इथीच. त्याच टायमाले घरमालकाची पोरगी डब्लिनवरून परत आली, तिले खोली पायजे होती. त्या रोगाच्या दिवसात मायलेकाले दुसरी खोली कोन देईन? बाबू म्हने, आई, थोडे दिवस बोटीवर राहू या, चालेल ना तुला? म्हतलं, तू जिथी तिथी मी.

बहिनीले सांगतलं, बाबूनं पान्याजवय फ्लॅट घेतला. ते म्हने, व्हिडिओवर दाखव. म्या गादी दाखवली, शेगडी दाखवली, पडदा दाखवला. ते म्हने, घर हलून काऊन रायलं वं? म्हतलं, घर नाई, माहा हात हलून रायला, वय झालं आता.

हसा, हसा. पन हिवायात बोटीवर रायनं काई सोपं नाई. चार वाजता अंधार. धक्क्यावरून विजेची तार आनलेली, तिच्यावर एक हीटर, अन् एक मशीन, हवेतलं पानी पेनारी, रोज तिची टाकी काठोकाठ भरे, मी म्हनो, एवढं पानी आपन श्वासातून घेऊन रायलो का काय. चपलायले बुरशी, पापडाले बुरशी, माह्या नऊवारीच्या घडीले बुरशी. आंघोयीले, संडासले धक्क्याच्या पलीकडे जा, अन् धक्का बी तरंगनारा, भरती राहे तवा पूल सपाट, ओहोटी झाली का तोच पूल असा उभा का मले दोन्ही हातानं कठडा धरून चढा लागे. वारा सुटला का साऱ्या बोटीयचे दोर त्यायच्या खांबायवर आपटत, टनटन टनटन, जसं गावभर भांड्यावर नावं टाकून रायले. पहिले पंधरा दिवस डोक्यात तेच. मंग एखाद्या दिवशी वारा पडला अन् आवाज बंद झाला का करमत नसे.

शेजारची बोट नोरीनची. तिचा नवरा वारला, लेकरं दूर, ते एकटीच रायते बोटीवर. पहिल्या दिवशी माह्या कुकरची शिट्टी झाली अन् नोरीन पयतच बायेर आली, तिले वाटलं बोट फुटते. मंग अशी सवय झाली का शिट्टी नाई झाली तर तेच काठीनं आमची बोट ठोकून इचारे. एकमेकाच्या जवय जायाची मनाई होती तवा, ते तिच्या बोटीवर उभी, मी माह्या. तिचं इंग्रजी मले येत नाई, माहं वऱ्हाडी तिले येत नाई, पन एक शब्द मी शिकली, ग्रँड, म्हनजे सारं बरं हाये. कशा हा? ग्रँड. पाऊस? ग्रँड. गुडघा दुखते? ग्रँड. इथल्या लोकायचं सारं ग्रँडच राहते, अन् माह्या पोराचं बी तसंच झालं.

आता मुद्द्यावर येते. एवढंसं घर, हात लांबवला का लेकाले लागन. मधात एक पडदा, त्याचा श्वास मले ऐकू ये. म्हतलं, आता हा बोलन, रुसन, चिडन, हे नको ते दे म्हनन. काईच नाई. सकायी उठला का पांघरुनाची काठाले काठ लावून घडी. ताट दिलं का थँक यू आई. जेवला का ताट धुऊन, पुसून जाग्यावर. लाइट बंद करू का आई? हीटर कमी केला तर चालेल का आई? अरे, हे घर तुहं, बोट तुही, मले काय इचारतं? हासे फक्त. मी त्याची माय नाई, मी त्या शायेतली कोनी देखरेखीवाली बाई हावो असं वाटे मले. अन् हे सारं चांगलंच होतं बरं का, कोनाले सांगाव तरी काय, का पोरगा लई चांगला वागते म्हनून मले रडू येते?

मी मेसवाली. मानूस ओयखाचं तर जेवतानी ओयखाव, हे मले माईत. एक दिवस म्या मुद्दाम वरनात मीठच नाई टाकलं. बसली समोर, त्याच्या तोंडाकडे पाहत. पहिला घास घेतला, दुसरा घेतला, अन् म्हने, छान झालंय आई, थोडं अजून वाढ. म्हतलं बरं. दुसऱ्या दिवशी दुप्पट मीठ टाकलं, मले सोताले तोंडात धरवत नोतं. त्यानं दोन गिलास पानी पेलं अन् ताट चाटून पुसून साफ केलं, थँक यू आई. मी पडद्यामांगं गेली अन् आधी हासली, मंग रडली. मेसचा एखादा पोट्टा असता तर भगोनं घेऊन माह्या मांगं लागला असता.

तर आता शिडाचं. शिडं दोन, एक मोठं, एक समोरचं जरासं लहान. हिवायाले काढून पिशव्यायमधी भरते, अन् ते पिशव्या माह्याच झोपायच्या जागी, समोरच्या टोकाले, पायापाशी. महिनोन् महिने त्यायचा कुबट वास घेऊन मी झोपली. फेब्रुवारी सरता सरता एक दिवस असं चकचकीत ऊन पडलं का काय सांगू तुमाले, एवढ्या महिन्यात पहिल्यांदा धक्क्यावर माही सावली पडली. बाबू कामावर. म्या लहान शीड पिशवीतून ओढलं तर त्याच्यावर काये काये ठिपके, बुरशीचे. आता एकट्या पोराच्या घरी आलेली माय काय करन? जे दिसन ते धुवन. अन् मेसच्या सतरंज्या म्या दरसाल दिवाळीच्या आधी धुतल्या हायेत, असंच कडक ऊन पाहून, गरम पानी, सोडा, पायानं तुडवाच्या अन् थापीनं बडवाच्या. शीड म्हनजे काय, जाड कापडच ना? इथी सामान न्यायच्या हातगाड्या रायते, एका गाडीवर बादल्या ठेवून आंघोयीच्या खोलीतून कडकडीत पानी आनलं. बुरशीसाठी संडासचं औषध टाकलं. शीड धक्क्यावर पसरलं, पाय उघडे केले अन् असं तुडवलं, असं तुडवलं, मंग एका तुटक्या वल्ह्याच्या दांड्यानं बडवलं. पियता काई येत नोतं एकटीले, तरी पीय घातलाच. अन् बोटीच्या कठड्यावर वायत टाकलं. पांढरं शुभ्र! किती महिन्यायनं मले वाटलं का मी माह्या लेकाच्या घरी काई तरी केलं.

नोरीन दुकानातून आली, हातातली पिशवी खाली ठेवली अन् तोंडावर हात ठेवून म्हने, ओ जीझस. म्या म्हतलं, ग्रँड? ते मान हलवत आपल्या बोटीत शिरली.

बाबू आला. धक्क्यावरूनच त्याले दिसलं. उभा रायला. जवय आला, कापडाले हात लावला, मुठीत धरलं, सोडलं, शिवनीवरून बोट फिरवलं. त्याच्या तोंडावरचा रंग गेला, म्या पायलं ना. म्या म्हतलं, पाय बाबू, कसं निघालं! तो म्हने, हो आई, छान केलंस. ग्रँड आहे. अन् धक्क्यावर गेला, अन् या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत रायला, अंधार पडेपर्यंत. जेवाले आला तर हासतमुख.

दुसऱ्या दिवशी नोरीननं मले समजावलं. मोबाइलात ते इंग्रजीत बोले अन् मोबाइल हिंदीत बोले. शिडाचं कापड कंपनीतूनच कडक येते म्हने, त्याच्या कडकपनावरच वारा पेलते, त्याले चुरगाया नाई लागत, गरम पान्यात घाला नाई लागत, मऊ झालं का झालं संपलं, अन् शिवनी बी म्या बडवून बडवून उसवल्या होत्या.  पन मंग म्हतलं, थांब, कडकपनाच पायजे ना? मेसच्या खोलीचे पडदे, मालकायचं धोतर, माह्या सुती साड्या, जन्मभर म्या कांजी लावली. म्हतलं, कांजी लावून देते! मोठ्या भगोन्यात तांदूय शिजाले ठेवले, पेज गायली, घट्ट केली. बाबू आला तर साऱ्या बोटीत वाफ अन् शेगडीवर पेजेचं भगोनं. म्हने, हे काय आई? म्हतलं, शिडाले कांजी.

तो हासला. खरंखुरं हासला, पोटापासून, अन् हासता हासता डोये पुसाले लागला. मंग मले राहवलं नाई. म्हतलं, बाबू, उन्हायाभर तू या बोटीसाठी राबला, अन् म्या तुहं शीड नासवलं, अन् तू मले छान केलंस म्हनतं? बोल ना मले. ओरड. अक्कल नाई म्हन. मी तुही माय हावो, कोनी पावनी हावो का? तो मान खाली घालून भगोन्यात चमचा फिरवत रायला. मंग म्हने, आई, तू इतक्या दिवसांनी आलीस, कशाला बोलायचं. म्हने, शाळेत मोठी मुलं सांगायची, भेटीच्या दिवशी रडायचं नाही, चिडायचं नाही, नाहीतर आई पुढच्या वेळी येत नाही. म्हने, आता मला कळतं गं की तसं काही नसतं. पण लागलेली सवय आहे.

ताई, थांबा जरा. पानी घेते.

तर असं. मी त्या कडुनिंबाखाली बसून फुशारकी मारो का माहा कसा शहाना झाला. तो शहाना नोता झाला. तो भेला होता. एवढंसं लेकरू, मी परत येनार नाई म्हनून भेऊन त्यानं रडनं गियलं, अन् ते एकदा गियलेलं काई बायेर येत नाई. शाया वाईट नोती, मास्तर वाईट नोते, कोनाले बोल लावू? शिकला, मोठा झाला, परदेशात आला. पन रागवाले एक मानूस लागते ना, ज्याच्यावर रागावलं तरी ते आपल्याले सोडून जात नाई. ते मानूस म्हनजे माय. माह्या लेकाले ते भेटलंच नाई, अन् मी तिकडे दुसऱ्याच्या पोरायसाठी ते झाली. याचं वाईट वाटते. लई वाईट वाटते. त्याचं आता काई करता येत नाई, हे बी कयते.

मंग थंडी सरली. मे महिन्यात थोडंथोडं उघडलं, बोटी बायेर निघाल्या. बाबूनं कोनाजवयून तरी जुनं शीड आनलं, ठिगयाचं, पन कडक. एका रविवारी म्हने, आई, येशील का? फक्त खाडीच्या तोंडापर्यंत जाऊन येऊ. मले पान्याचं भेव, तुमाले माईत, पन म्हतलं, जाते, नाई तर बोटीवर राहून बोट चालताना पायली नाई असं होईन. त्यानं ते फुगलेलं जाकीट घालून दिलं, पट्टे आवयले, अन् दहादा सांगतलं, आई, बोट वळताना हा आडवा दांडा इकडून तिकडे फिरतो, मी सांगेन तेव्हा डोकं खाली घ्यायचं. हो म्हतलं. दोर सोडले. शीड वर गेलं, अन् वाऱ्यानं असं भरलं का मी हात जोडले. हिवायाभर मी ज्याच्यावर पोया केल्या ते घर पान्यावरून चालाले लागलं होतं. नोरीन धक्क्यावरून हात हलवून रायली होती. बाबूकडे पायलं तर तो दुसराच, डोये बारीक केलेले, तोंडावर ऊन, शिडाकडे पाहते, पान्याकडे पाहते. म्हतलं, याले भूक लागली असन.

आता मेसवालीची खोड. डब्यात गुयाच्या दशम्या होत्या. म्या डबा काढला, झाकन उघडलं अन् दशमी घेऊन त्याले द्याले उभी रायली. अन् त्याच टायमाले त्यानं बोट वळवली. त्यानं सांगतलं असन, म्या ऐकलंच नाई. दांडा सरसर करत माह्या डोक्यावर आला, अन् माहा लेक असा ओरडला, असा ओरडला ताई, का पक्षी उडाले. बस ना वं माय खाली! मराचं हाये का तुले! दहादा सांगतलं ना! अक्कल हाये का नाई! माह्या खांद्याले धरून मले खाली दाबलं, दांडा केसावरून गेला, दशमी गेली समुद्रात.

मी खाली बसली.  माय म्हनलं त्यानं मले. अकरा वर्साचा पेटी घेऊन गेला तवापासून पहिल्यांदा. अन् ओरडला, पोटातून, आपल्या मानसावर ओरडते तसा. म्या मनात म्हतलं, देवा, आता नेलं तरी चालन.

बोट सरय झाली. त्यानं दोर बांधला, अन् माह्यासमोर येऊन गुडघ्यावर बसला. लागलं का आई? सॉरी. सॉरी आई, मी असं बोलायला नको होतं तुला. सॉरी. हात माहा हातात घेऊन चोयत बसला, अन् मले सांगता आलं नाई का कायले सॉरी म्हनतं रे बाबू, अजून ओरड, घरी जाईपर्यंत ओरड.  म्या दुसरी दशमी काढून दिली. तो म्हने, थँक यू आई.

आता पुढल्या हप्त्यात माहं विमान. कॉलेजं उघडतीन म्हनते, मेस पाहा लागन. बाबूनं बॅग भरून देल्ली, वजन करून, नोरीननं बिस्किटाचा डबा दिला बहिनीसाठी. बाबू मले राय म्हनत नाई, जाय बी म्हनत नाई, तुला बरं वाटेल तसं कर आई म्हनते. म्या बी ठरवलं, विमानतयावर रडनार नाई, भांडनार नाई, हासत जाईन. पाहा, मले बी सवय लागली.

तुमी त्याच्यासंग काम करता, कधी जेवाले येत जा, मीठ कमी असलं तर सांगत जा त्याले तोंडावर. बाकी देवाजवय मी एकच मागते. बायको भेटो, दोस्त भेटो, इथली भेटो का तिकडची, जातीची भेटो का बिनजातीची, पन असं एखादं मानूस माह्या बाबूले भेटो, का ज्याच्यावर तो मन भरून ओरडन, अन् मंग सॉरी म्हननार नाई. मी नाई होऊ शकली त्याच्यासाठी ते मानूस. कोनी तरी होवो.